४ वर्षांचं लेकरू बोलत नाही, जिल्हा ७० किलोमीटर: कुठं न्यायचं, कागद कोणते, पैसा कुठून?

बांधावरची (धागाकर्ती)
यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. तालुका २२ किलोमीटर, जिल्हा ७०. मुलगा ४ वर्षांचा. शब्द चार-पाच, तेही मनात आलं तर. हाक मारली की कधी वळून पाहतो, कधी नाही. चालतो, पण पुष्कळदा चवड्यांवर. आई-बाप मजुरीला जातात, दीड एकर कोरडवाहू आहे. अंगणवाडीत नाव आहे. गावाचं म्हणणं, 'बाप बी उशिरा बोलला होता, थांबा.' थांबायचं नाही एवढं ठरलं आहे. पहिले कुठं न्यावं, अपंगत्वाचा दाखला आधी काढावा का, आणि दर आठवड्याला शहरात जाणं यांना कसं परवडावं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

धुऱ्यावरचा
ताई, दाखल्याच्या मागं पहिले लागू नका. तपासणी आणि थेरपी सुरू करायला दाखला लागत नाही. तो योजनांसाठी लागतो. लोक वर्षभर दाखल्यासाठी फिरतात आणि तोवर लेकराचं शिकायचं वय निघून जाते.

पहिली पायरी आरबीएसकेचं पथक, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, शाळेत एकदा. पण त्याची वाट पाहत बसू नका. पथक ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातून निघते, तिथं थेट घेऊन जा आणि रेफर चिठ्ठी घ्या. चिठ्ठी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीच्या नावानं हवी. हे लहान मुलांचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. तिथं बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, वाचा-श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एका छताखाली असावेत अशी रचना आहे. 'असावेत' म्हणतो, कारण पदं रिकामी असतात. म्हणून निघायच्या आधी फोन लावून नेमकं विचारा: वाचा-श्रवणवाले कोणत्या वारी बसतात? 'केंद्र सुरू आहे का' असं विचाराल तर 'हो' म्हणतील, अन् तुमचा दिवस जाईल.

सोबत काय न्यावं:
माता-बाल संरक्षण कार्ड. जन्माचं वजन आणि लेकरू लगेच रडलं होतं का, हे डॉक्टर पहिले विचारतात.
काचेच्या पेटीत ठेवलं असेल तर तिथलं डिस्चार्ज कार्ड.
मोबाइलवर २-२ मिनिटांचे तीन व्हिडिओ: जेवताना, एकटा खेळताना, मागून हाक मारताना.

व्हिडिओ विसरू नका. ओपीडीत लेकरू एकतर रडते नाहीतर आईच्या पदरात डोकं खुपसते. डॉक्टरला खरं वागणं दिसतच नाही.

कानगोष्टी
चार वर्षांचं मूल बोलत नाही म्हटल्यावर ऑटिझम की मंदपणा ही चर्चा नंतर. आधी कान तपासा. 'ताट वाजवलं की दचकतो' ही तपासणी नाही. एका कानानं ऐकणारं मूलही ताटाला दचकतं. फक्त जाड आवाज ऐकणारंही दचकतं, पण 'स', 'श', 'फ' त्याच्या कानावर पडतच नाहीत.

या वयात नीट साथ न देणाऱ्या मुलाची बेरा नावाची ऐकण्याची तपासणी करतात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात होते. कपाळाला आणि कानामागं इलेक्ट्रोड चिकटवतात आणि मूल झोपलेलं असावं लागतं. खेड्यातून येणाऱ्यांची फेरी वाया जाते ती इथंच. पहाटे ५ ची बस, मूल बसमध्ये दोन तास गाढ झोपतं, ११ वाजता टेबलावर टक्क जागं. झोपेचं औषध दिलं तरी मग चढत नाही. म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा आणि बसमध्ये काही करून जागं ठेवा. बडबड करा, फुटाणे-मुरमुरे द्या, खिडकीजवळ बसवा. मात्र झोपेचं औषध देणार असतील तर किती तास आधीपासून पोट रिकामं ठेवायचं ते आदल्या दिवशीच विचारा.

सर्दी असेल, कान वाहत असेल, कानात मळ असेल तर निकाल चुकतो. आठ दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात कान दाखवून घ्या.

ऐकणं खूपच कमी निघालं तर वेळ फार महत्त्वाची. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत (दिव्यांगांना साधनं देणारी) जन्मजात बहिऱ्या मुलाच्या कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या यंत्राला, ५ वर्षांची वयाची अट आहे. तुमच्याकडे वर्षच उरलंय.

सेतूवाला_७२
दाखल्याचं मी सांगतो, रोजचं काम आहे.

अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांचं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवरूनच होतो. पालकाला मोबाइलवरून करता येतो. जमत नसेल तर आपले सरकार केंद्रात करा. लागते काय: मुलाचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, सुरू असलेला मोबाइल नंबर. अर्ज करताना रुग्णालय निवडावं लागते. तिथं जवळचं म्हणून कोणतंही टाकू नका. मतिमंदत्व, ऑटिझम, श्रवणदोष यांचे तज्ज्ञ प्रत्येक ठिकाणी नसतात. चुकीचं रुग्णालय पडलं की अर्ज तिथंच कुजत राहतो. तपासून टक्केवारी ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळाचा वार ठरलेला असतो, तो विचारून जा. नोंदणी क्रमांकाची प्रिंट न्या. अर्ज निकाली काढायला नियमात आता ३ महिन्यांची मुदत आहे.

घोळ होतो तो नावाचा. माझ्याकडच्या परत येणाऱ्या अर्जांत सगळ्यात जास्त हाच. पहिलं बाळंतपण माहेरी होते, जन्माची नोंद तिकडच्या गावात. पांढरकवडा, केळापूर भागात माहेर बरेचदा आदिलाबादकडं असते, मग जन्मदाखला तेलंगणाचा. त्यात नाव 'ग्यानेश्वर', आधारवर 'ज्ञानेश्वर', इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडं निराळं, आणि आडनाव एकावर आहे, एकावर नाही. यूडीआयडी आधारवरचं नाव उचलते. म्हणून आधी जन्मदाखला, मग त्याबरहुकूम आधार, मग यूडीआयडी. उलटं केलं की तिन्ही दुरुस्त करा. पाच वर्षांखालच्या आधारवर बोटांचे ठसे नसतात, पाचव्या वर्षी ते द्यावे लागतात आणि ५ ते ७ वयात मोफत होते. ते राहिलं तर पुढं शिष्यवृत्ती, अनुदान सगळं अडते.

कार्डाचे रंग: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि वर निळं. बहुतेक योजना ४० पासून सुरू. लहान मुलाचा दाखला मुदतीचाच मिळतो, त्यात भांडायचं कारण नाही. बौद्धिक अक्षमतेत ५, १० आणि १८ व्या वर्षी नूतनीकरण असते. मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी कामाला लागा.

वर्धाकाठ
थोडं अवांतर, पण विदर्भात सांगायलाच हवं. दिव्यांग म्हणजे हातपाय, डोळे, कान एवढंच लोकांना वाटते. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात सिकल सेल आहे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियापण आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, मेळघाट, आपल्या पट्ट्यात एसएस, म्हणजे प्रत्यक्ष सिकल सेल आजार असलेली कितीतरी लेकरं शाळा बुडवून घरी पडून असतात आणि त्यांच्या घरी कुणी दाखल्याचा विचारही केलेला नसतो. वाहक असेल, म्हणजे एएस, तर मिळत नाही. एसएसवाल्याला मिळू शकतो. नुसत्या सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीवर भागत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पक्क्या रक्ततपासणीचा रिपोर्ट लागतो. किती वेळा भरती झाला, किती वेळा रक्त चढवलं, याचे कागद फाइलला लावा. टक्केवारी त्यावरून ठरते. एसटीच्या साध्या बसमध्ये सिकल सेलच्या रुग्णाला पूर्ण सवलत आहे, तेही माहीत असू द्या.

हिशेबनीस
आता पैशाचं. हे घर बुडते ते थेरपीच्या फीनं नाही. सरकारीत ती फुकट आहे. बुडते ते येण्या-जाण्यानं आणि बुडालेल्या मजुरीनं.

समजा जिल्ह्याचं एकेरी तिकीट १०० रुपये. मूल ५ वर्षांच्या आतलं, तिकीट नाही. आईला महिला म्हणून अर्धं, ५०. जाऊन-येऊन १००. तेच बाप घेऊन गेला तर २००. दिवसाची मजुरी ३०० धरली तर आईची फेरी ४०० ला पडते, खाणं वेगळं. आठवड्याला दोन फेऱ्या म्हणजे महिन्याचे जवळपास साडेतीन हजार. कापूस वेचणीच्या दिवसांत हे चालूच शकत नाही, आणि मग 'थेरपी सोडली' असा शिक्का बसतो. त्यापेक्षा पहिल्याच भेटीत थेरपिस्टला स्पष्ट सांगा: आम्ही १५ दिवसांतून एकदाच येऊ, मधल्या काळात घरी काय करायचं ते लिहून द्या अन् आमच्या हातून करवून घ्या. चांगला थेरपिस्ट हे आनंदानं करतो.

मूल ५ वर्षांचं झाल्यावर एसटीत दिव्यांग सवलत लावा: ४० टक्क्यांपासून ७५ टक्के सूट. सोबत्याला ५० टक्के, पण ती मुलाची टक्केवारी ६५ आणि वर असेल तरच. आईला तसंही अर्धंच आहे, त्यामुळे हा नियम कामाचा तो बाप-आजोबा सोबत असतील तेव्हा.

*संजय गांधी निराधार*: तहसीलमध्ये अर्ज. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे (बाकीच्यांना २१,०००). ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिन्याला १५०० चे २५०० झाले. उत्पन्नाचा दाखला ताजा हवा. तलाठ्याकडं जाताना शेती दीड एकर आणि कोरडवाहू आहे हे सातबाऱ्यासकट दाखवा, नाहीतर ठोक आकडा पडतो आणि दोन-चार हजारांनी मर्यादेबाहेर जाता. पैसे डीबीटीनं, म्हणजे थेट खात्यात येतात. बँकेत 'आधार जोडलं आहे' एवढ्यानं भागत नाही, डीबीटीचं सीडिंग, म्हणजे सरकारी पैसा कोणत्या खात्यात पडायचा ती नोंद, वेगळं असते. मॅनेजरला 'एनपीसीआय मॅपिंग' असाच शब्द वापरून विचारा. घरात दोन-तीन खाती असतील तर पैसा भलत्याच खात्यात जातो आणि 'आलाच नाही' म्हणून बोंब होते.

*निरामय*: नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा. फक्त चार प्रकारांना: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता. वर्षाला १ लाखापर्यंत. नावनोंदणी दारिद्र्यरेषेखालच्यांना २५०, बाकीच्यांना ५००. नूतनीकरण ५० आणि २५०. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. आपल्यासाठी मोठी गोष्ट ही की यात ओपीडी आणि थेरपीचाही खर्च बसतो, तो दुसऱ्या विम्यात क्वचितच मिळतो. अर्ज ट्रस्टकडं नोंदवलेल्या संस्थेमार्फत करायचा. अडचण एकच: खर्च आधी खिशातून करायचा, नंतर मिळतो, आणि प्रत्येक बाबीला वेगळी कमाल मर्यादा आहे. क्लेम परत येतात ते साध्या पावतीमुळं. डॉक्टरची थेरपीची लेखी शिफारस, पावतीवर प्रत्येक सत्राची तारीख, थेरपिस्टची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. 'महिन्याची थेरपी ३०००' अशी एका ओळीची पावती घेऊच नका.

महात्मा फुले योजनेवर भरवसा ठेवून थेरपी केंद्रात जाऊ नका. ती भरती होऊन करायच्या उपचारांची आहे.

*ग्रामपंचायत*: स्वउत्पन्नाच्या ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ऐकायला मोठं वाटते. लहान गावची घरपट्टी-पाणीपट्टी वसुली २ लाख असेल तर हे झाले १० हजार, त्यात गावातले आठ-दहा दिव्यांग. बहुतेक ठिकाणी दिवाळीला हजार-बाराशे वाटून फोटो काढतात. तरी लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि ग्रामसभेत विषय मांडा, कारण दिव्यांग नोंदवहीत नाव असल्याशिवाय पुढच्या यादीतही नाव येत नाही.

तूरडाळ
हिशेबनीस, एकदम मुद्द्याचं. 'आधार लिंक आहे ना, मग झालं' हेच सगळे सांगतात. सहा-सहा महिने पैसा अडकून राहते.

चाकोरीबाहेर
एक विचारू का? भावाची मुलगी, ७ वर्षं, सेरेब्रल पाल्सी. शिबिरात व्हीलचेअर मिळाली पण ती एका बाजूला कलून बसते. चेअर खराब आहे का तिची पाठ?

मोजपट्टी
बहुतेक चेअर मोठी आहे. शिबिरात माप हिवाळ्यात घेतात, वस्तू पावसाळ्यात येते, कधी मोठ्या मापाचीच देऊन टाकतात, 'वाढत्या वयाचं आहे' म्हणून. मोठ्या बैठकीत मूल सरकतं, कमरेतून कलतं, आणि वर्षभरात पाठीला बाक पडायला लागतो.

बसवून बघा. मांडी आणि बैठकीच्या कडेत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा, जास्त नको. गुडघ्याच्या मागं आणि बैठकीच्या पुढच्या कडेत दोन-तीन बोटं. कंबर, गुडघा, घोटा तिन्ही काटकोनात आणि तळवे टेकलेले. पाय लोंबकळत असतील तर बाकी सगळं व्यर्थ, शरीर पुढं घसरणारच. फळीचा ठोकळा बांधून पायाला आधार द्या. बाजूला भरायला उशी नको, ती दबते. जुन्या गोदरीची घट्ट गुंडाळी करून दोरीनं बांधा. गादीवाल्याकडचा टणक फोम त्याहून बरा. एडिपमधून १२ वर्षांखालच्या मुलाला वर्षानंतर पुन्हा साधन मागता येतं. मोठ्यांना ३ वर्षं थांबावं लागतं. कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर पूर्ण मोफत, त्यापुढं ३०,००० पर्यंत निम्मं. तेव्हा 'एकदा मिळाली, आता नाही' हे उत्तर मान्य करू नका.

पायाला प्लास्टिकचा स्प्लिंट असेल तर रोज काढल्यावर कातडी पाहा. लाल वण अर्ध्या तासात गेला नाही तर तो बोचतोय. तसाच घातला तर उन्हाळ्यात घामानं जखम होते आणि मग मूल महिनाभर घालूच देत नाही.

धागाकर्तीच्या मुलाबद्दल: त्याला अनवाणी उकिडवं बसवून बघा, आपण चुलीपुढं बसतो तसं. टाचा जमिनीला टेकतात का? टेकत असतील तर चवड्यावर चालणं बहुधा सवयीचं किंवा संवेदनांचं आहे. टेकतच नसतील तर पोटरीचा स्नायू आखडला असू शकतो, ते फिजिओला आवर्जून सांगा. घरच्या घरी पाय जोरानं दाबू-ताणू नका.

गटसाधन
शाळेचं थोडक्यात. सहाव्या वर्षी जिल्हा परिषद शाळेत नाव घाला. मुख्याध्यापक नाही म्हणू शकत नाहीत. ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षण हा ४० टक्के आणि वरच्या मुलांचा हक्क आहे. समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक पंचायत समितीच्या गटसाधन केंद्राला असतात. एकाकडे पुष्कळ शाळा, त्यामुळे ते आठवड्याला येतील ही अपेक्षा ठेवू नका. पण त्यांनी वर्गशिक्षकाला लिहून दिलेला आराखडा मागून घ्या.

मुख्य गोष्ट: युडायसमध्ये, म्हणजे शाळेच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, मुलाची दिव्यांग म्हणून नोंद झाली का, हे स्वतः पडद्यावर पाहा. ती नसेल तर प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, साहित्य, कशाच्याच यादीत नाव येत नाही. मुलींना महिन्याला २०० प्रमाणे १० महिन्यांचे २००० मिळतात, ते याच नोंदीवर. शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलाला गृहाधारित शिक्षण आहे.

कपाशीवाला
शहरातलं एक खाजगी केंद्र म्हणते, ६ महिन्यांचं पॅकेज ६० हजार, आधी भरा, पोरगं बोलणारच. गावातले दोघं जण कर्ज काढायच्या बेतात आहेत. द्यावे का?

कानगोष्टी
नाही. बोलण्याची हमी देणारा माणूस थेरपिस्ट नव्हे. विचारायचे प्रश्न तीनच: भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? (वाचा-श्रवण तज्ज्ञ, विशेष शिक्षक, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांना असतो. फिजिओची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे.) पुढच्या ३ महिन्यांची उद्दिष्टं लिहून देता का? सत्रात पालकाला आत बसू देता का? दार लावून घेणाऱ्या केंद्रात घरी करायचं काही शिकायलाच मिळत नाही. पैसे सत्रागणिक द्या. आणि कुणी ऑटिझमसाठी स्टेम सेलचं नाव काढलं तर चप्पल घालून निघा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सूचनांप्रमाणे तो मान्य उपचार नाही, आणि बिल लाखांत जातं.

दुसरं मत हवं असेल तर नागपूरला दिव्यांगांसाठीचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र, सीआरसी, आहे. ते केंद्र सरकारचं. तिथलं एम्स, सरकारी मेडिकल कॉलेज आणि वर्ध्याजवळचं सेवाग्रामचं रुग्णालयही आहे. वर्षातून दोनदा अशा मोठ्या ठिकाणी मूल्यमापन आणि मधलं काम जवळ, ही विभागणी खेड्यातल्या घराला झेपते.

तोवर घरी: आवडीची वस्तू पारदर्शक डब्यात घट्ट झाकण लावून समोर ठेवा. शेंगदाणे, गूळ, काहीही. तो डबा हातात देईल किंवा बोट दाखवेल. लगेच उघडू नका. त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसा, 'दे' म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजा. काही आवाज निघाला की उघडा, नाही निघाला तरी उघडा. 'बोल, मग देते' असं करून रडवू नका, डब्याचाच राग बसतो. दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं, आणि तेवढा वेळ मोबाइल दुसऱ्या खोलीत.

बांधावरची
खूप माहिती मिळाली. आज उकिडवं बसवून पाहिलं, टाचा टेकतात. उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली, बेराची तारीख पुढच्या गुरुवारची आहे. आजी म्हणते डोक्याला भरपूर तेल थापून नेते, म्हणजे लवकर झोपेल. चालेल का?

कानगोष्टी
अजिबात नको. तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड चिकटत नाही, पुसता पुसता मूल जागं होतं. बुधवारी रात्री शिकेकाईनं डोकं धुवा आणि गुरुवारी तेल, पावडर, काजळाचा टिळा काही लावू नका. आजीला सांगा, परत आल्यावर हवं तेवढं थापा.